जास्तीचं पान

सर्वपित्री अमावस्येला आमच्या आळीत घरटी एक पान गच्चीवर ठेवलेलं असतं. मळेकर सरांच्या गच्चीवर दोन असतात. पहिलं अगदी रीतसर. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं जिथल्या तिथं. ते सरांच्या आईवडिलांचं, आजा-पणज्यांचं आणि ज्यांची तिथी कुणाच्या लक्षात राहिली नाही अशा सगळ्यांचं. त्याच्या शेजारी वीतभर अंतर सोडून दुसरं पान. त्यावर फक्त दूधभात, तोही मिठाशिवाय.

मी शेजारी राहायला आलो त्या वर्षी न राहवून विचारलं, "सर, हे दुसरं कुणाचं?"

"मधल्याचं."

"मधला म्हणजे?"

"आता माकड न्हाई आन् अजून मानूस बी झाला न्हाई, तो मधला. आपला सगळ्यांचाच पूर्वज की, प्रकाशराव! त्याचं हाड घावलंय, नाव घावलं न्हाई. आन् ज्याला नाव न्हाई त्याला पान कोन वाढनार?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. चेष्टेची एक रेघ नव्हती. सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून, कावळ्याची वाट बघत एक निवृत्त विज्ञान शिक्षक मला सांगत होता की आज माकडमाणसाचं श्राद्ध आहे. मी "बरं" म्हणून खाली उतरलो आणि नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, "शेजार जरा जपून करावा लागेल."

माझं स्वतःचं सांगायचं तर मी भोरला तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बसतो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वंशावळी टाईप करून देतो. समोरचा सांगेल ते खरं धरायचं आणि खाली "वरील माहिती खरी आहे" असं लिहायचं, हा माझा धंदा. त्यामुळे आयुष्यात फारसं कोडं कधी पडलं नाही. जी काही पडली ती सगळी मळेकर सरांमुळे.

सर मूळचे वेल्हे तालुक्यातल्या विंझरचे. किकवीच्या शाळेत त्यांनी उभी हयात विज्ञान शिकवलं आणि घर भोरला केलं. वर्गात ते पुस्तकातलं मराठी बोलत. घंटा झाली की विंझरचं. पण दोन्हीकडं एक वाक्य कायम, "पुरावा हाय का?" आठवड्याच्या बाजारात भाजीवाली म्हणाली, "सर, वांगी सकाळीच तोडल्यात," की हे चष्मा वर करून विचारणार, "पुरावा हाय का?" ती बिचारी देठ मोडून दाखवायची. एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "पुण्याची गाडी पाच मिनिटांत लागेल," तरी तेच. तिथं मात्र देठ मोडून दाखवायची सोय नसल्यामुळे सर उभे राहून घड्याळ बघत.

आणि हाच माणूस दर शनिवारी रुईच्या पानांचा हार आणि तेलाची वाटी घेऊन मारुतीला जातो. तिथं डोळे मिटून इतका वेळ उभा राहतो की मागची रांग खोकायला लागते. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, मारुतीला कधी पुरावा मागितला का हो?"

"न्हाई."

"का?"

"तिथं माझंच लई मागायचं असतंय. त्यात त्येला पुरावा कवा मागू?"

हे उत्तर ऐकून मी आणखीनच गोंधळलो. कारण सर मला वर हेही सांगत की माणूस आणि माकड एका मुळातून आले, आणि त्यावर शंका घेणाऱ्याला त्यांनी कधी सोडलं नाही. मग मारुतीचं काय? तो देव, की नातेवाईक? "दोनी," सर म्हणत, आणि रुईची पानं निवडायला बसत.

शाळेत असताना या धड्यावरून एकदा वादळ झालं होतं. एका विद्यार्थ्याचे वडील शेतातून तसेच मोटारसायकलवर आले. "सर, पोरगं म्हनतंय आपला आजा माकड व्हता. माझा बाप अजून जिता हाय. त्यानं ते ऐकलं, दोन दिस जेवला न्हाई."

सरांनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. "आजा न्हाई ओ. चुलत. लई जुनी वाटनी झाली, ते झाडावर ऱ्हायलं, आपन खाली आलो. भावकी समजा."

माणसानं पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "म्हनून आमच्या शेंगा उपटून खात्यात व्हय?"

"भावकीच ती. बांध कोरनारच."

हे मात्र त्याला पटलं. भावकी म्हटल्यावर आमच्या भागात पुढचं समजावून सांगावं लागत नाही. तो सरांना नमस्कार करून गेला आणि म्हाताराही संध्याकाळी जेवला म्हणे. पण सरांची गंमत अशी की जे दुसऱ्याला समजावलं ते त्यांनी स्वतःला फार मनापासून लावून घेतलं. त्याचा प्रत्यय किकवीजवळ हायवेवर एक वानर गाडीखाली सापडलं तेव्हा आला.

गावकऱ्यांनी मारुतीचं रूप म्हणून त्याला भगवं वस्त्र पांघरलं, हार घातले, वाजतगाजत नेऊन माती दिली. सरही भोरहून गेले. परत आल्यावर दारातच उभे राहून त्यांनी अंघोळीचं पाणी मागितलं आणि जाहीर केलं की आपल्याला तीन दिवसांचं सुतक आहे.

"दहा का नाही?" नंदानं विचारलं. तिलाही आता सवय झाली होती.

"दहा जवळच्या भावकीला. ही लांबची."

तिसऱ्या दिवशी शनिवार आला. सुतकात देवळात जायचं नाही, आणि शनिवार तर चुकवायचा नाही. सर सकाळपासून ओट्यावर हार हातात धरून बसले होते. मला म्हणाले, "तुमी कायद्याचं लिवता. सांगा, जाऊ का नको?"

मी म्हटलं, "सर, वानर मारुतीच्याच घरातलं. म्हणजे सुतक त्यालाही असणार. दोघंही सुतकात, मग विटाळ कुणाचा कुणाला?"

सर मग गेले. पण गाभाऱ्यात न जाता बाहेरूनच हार पुजाऱ्याच्या हातात दिला. अर्धं सुतक पाळलं, अर्धं मोडलं. मला वाटतं त्यांचं सगळंच असं होतं, अर्धं इकडं अर्धं तिकडं, आणि दोन्हीकडं मनापासून.

फक्त त्या दुसऱ्या पानाचं मला काही केल्या पटत नसे. एका सर्वपित्रीला मी त्यांना त्यांच्याच शस्त्रानं गाठायचं ठरवलं. "सर, तो तुमचा मधला शेती करत नव्हता ना?"

"न्हाई. शेती लई उशिरा आली."

"मग भात कुठला? गाय पाळली नव्हती, मग दूध कुठलं? तो खाणार कंदमुळं, नाहीतर शिकार. दूधभाताला पुरावा काय?"

सरांनी पानावर बसलेली माशी हातानं वारली. "तुमी अर्ज लिवायचं बघा, प्रकाशराव," म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले. त्या वेळी लक्ष्मीवहिनी, सरांच्या पत्नी, हयात होत्या. त्या जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. पुढं त्या गेल्या, आणि त्या वर्षापासून दूधभात सर स्वतः करायला लागले. भात इतका मऊ शिजवत की नंदा म्हणायची, त्या माकडमाणसाला दात नव्हते का?

आता यंदाची गोष्ट. सरांचा पुतण्या संजय विंझरला शेती करतो. त्याची मुलगी प्राजक्ता बारावी झाली आणि तिचं नर्सिंगला नाव लागलं. प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा, दाखल्यासाठी वंशावळ हवी, आणि संजयचे वडील वारलेले असल्यामुळे वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर घरातलं वडीलधारं माणूस म्हणून सरांची सही हवी. शुक्रवारी कागद वेल्ह्याच्या कचेरीत पोचला नाही तर पोरीची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. संजय सोमवारी सकाळी माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "तासाभराचं काम हाय, काकांची सही घिऊन ठेवा."

मी वंशावळ टाईप केली. सगळ्यात वर, रिवाजाप्रमाणे, "मूळ पुरुष: राणोजी मळेकर". संध्याकाळी सरांपुढं ठेवली. त्यांनी पेन उघडलं, पहिली ओळ वाचली आणि पेन बंद केलं.

"राणोजी मूळ पुरुष? आन् राणोजीला बाप न्हवता? आभाळातनं पडला?"

"सर, कचेरीला तेवढंच लागतं."

"खाली लिवलंय, वरील माहिती खरी आहे. खोटी सही मी केली न्हाई आजवर. ठेवा हितं. मी दुरुस्त करतो."

मंगळवारी त्यांनी दुरुस्त करून आणली. चार कागद उभे चिकटवले होते. राणोजीच्या वर "अज्ञात", त्याच्या वर "अज्ञात", असे अडतीस अज्ञात मी मोजले आणि मग सोडून दिलं. त्याच्या वर "मधला (एक हाड उपलब्ध)". आणि सगळ्यात वर, चौकटीत, सुवाच्य अक्षरात, "समाईक पूर्वज. माकडांची वाटणी येथून वेगळी."

संजय बुधवारी आला आणि ते पाहून त्याचं डोकंच फिरलं. गळ्यात माळ, दर एकादशीला उपवास, घरात पोथीशिवाय पान न हलणारा माणूस तो. "काका, आपन देवाची लेकरं. आन् तुमी सरकारात लिवून देताय माकडं म्हनून?"

"मी कुठं न्हाई म्हनतो? देवानंच केलं. पन सावकास केलं. देव काय ठेकेदार हाय का मार्चएंडला उरकायला?"

"मग वर देवाचं नाव टाका!"

"टाकतो की. पुरावा हाय का?"

संजय कपाळाला हात लावून ओट्यावर बसला. "माझ्या पोरीनं तुमचं काय वाकडं केलंय ओ," एवढंच म्हणाला. ते ऐकून सरांचा चेहरा पडला. प्राजक्तावर त्यांचा फार जीव. तिची विज्ञानाची वही ते अजून तपासतात. पण सही काही केली नाही. मला खरंच कळेना. ज्या पोरीसाठी हा माणूस दर शनिवारी मारुतीपुढं उभा राहतो, तिची जागा हा एका राणोजीपायी घालवणार?

गुरुवारी दुपारी मी टेबल लवकर आवरलं आणि शेवटचा उपाय म्हणून नवा कागद टाईप करून सरांकडे गेलो. एकच पान. वर मी एक शब्द वाढवला होता, "ज्ञात मूळ पुरुष".

सरांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ज्ञात! आता हे शास्त्रीय झालं. म्हंजे वर अजून हायेत, आपल्याला ठावं न्हाईत, एवढंच." मी मनातल्या मनात हुश्श केलं. पेन उघडलं गेलं. सरांना वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही, म्हणून ते बोट ठेवून राणोजीपासून एकेक पिढी खाली उतरू लागले. आजा, बाप, थोरला भाऊ, त्याच्याखाली संजय, त्याच्याखाली प्राजक्ता. मग बोट शेजारच्या फांदीवर आलं. त्यांचं स्वतःचं नाव. आणि त्याखाली मी हाताच्या सवयीनं टाईप केलेला कचेरीतला जुना शब्द, लावल्द. म्हणजे ज्याला मूलबाळ नाही असा. दिवसातून चारदा तरी मी तो टाईप करतो.

बोट तिथंच थांबलं.

"हे खोटं हाय," सर म्हणाले.

मला वाटलं पुन्हा माकडाचं काहीतरी निघालं. "सर, आता काय राहिलं?"

"व्हतं आमाला. नऊ दिस." त्यांनी पेन बंद केलं, पण खिशात घातलं नाही. "विंझरला झालं. बारशाला तीन दिस ऱ्हायलं व्हतं. पाळना बांधून ठेवल्याला. नाव तिनं मनात ठरवलं व्हतं, पन मला म्हनली, बारशाच्या आदी सांगायचं नसतंय. आन् मग ते गेलंच. पुढं म्या कदी इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई. ती बी आता गेली. म्हंजे नाव सुदीक तिच्यासंगं गेलं."

मी तो कागद त्यांच्यापुढून ओढून घेतला.

"बारकं लेकरू, त्याला अग्नी नस्तो. शेताच्या कडंला पुरलं. दगड ठिवला व्हता. रस्ता रुंद केला तवा तो दगड बी गेला. जल्माची नोंद न्हाई, फोटू न्हाई. नाव न्हाई म्हनून श्राद्ध बी न्हाई, असं भटजींनी सांगितलं. ती पैल्या सर्वपित्रीला रडून रडून म्हनली, एक पान ठिवू द्या. म्या म्हनलो, नाव न्हाई त्याचं पान कसं ठिवनार, लोक काय म्हनतील? तर म्हनली, तुमच्या त्या हाडवाल्याला तरी नाव कुठं हाय? त्याच्या नावानं ठिवा. कुनी इचारलं तर तुमी धडा सांगा. धडा सुरू केला की लोक आपोआप उठून जात्यात."

आणि खरंच, मीही पहिल्या वर्षी "बरं" म्हणून उठून आलो होतो. दूधभाताचा पुरावा मागितला होता तोही मीच. उष्टावणाचा पहिला घास, तोंडात विरघळावा म्हणून मऊ शिजवलेला. जिन्यात उभ्या असलेल्या लक्ष्मीवहिनींची ती नजर मला आत्ता समजली आणि मला माझी लाज वाटली.

"त्या मधल्याचं बगा," सर म्हणाले, "लाखो वर्सं झाली, तरी येक हाड घावलं. आख्ख्या जगानं मानलं की तो व्हता. आमच्याचं काय हाय? मी पोरास्नी जलमभर शिकवलं, पुरावा न्हाई ते मानू नका. आन् घरी येऊन पुरावा नसल्याल्याला घास ठिवत आलो. ह्यातलं खोटं कंचं, ते मला अजून कळंना झालंय."

देव, माकड, हाड, यातलं मला काही कळत नाही. मला कागद कळतो. मी घरी जाऊन तो कागद पुन्हा टाईप केला. "लावल्द" काढला. सरांच्या नावाखाली एक उभी रेघ ओढली, रेघेखाली रिकामी चौकट, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "एक अपत्य. नाव ठेवण्यापूर्वी मयत." घेऊन गेलो. सरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली.

शुक्रवारी संजयबरोबर मी स्वतः वेल्ह्याला गेलो. तिथल्या साहेबांनी शेऱ्यावर बोट ठेवलं. "ही रिकामी चौकट कशाला? हिनं दाखल्याला काही फरक पडत नाही."

"साहेब, खरी माहिती म्हणून लिहून दिलंय. खरं ते सगळं लिहावं लागतं."

साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा चौकटीकडे पाहिलं आणि शिक्का मारला. तो नेमका चौकटीच्या काठावर बसला. बाहेर आल्यावर संजयनं त्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक फाईलला लावली आणि दुसरी माझ्या हातात दिली. "काकांना द्या," म्हणाला. प्राजक्ता आता नर्सिंगला जाते.

परवा सर्वपित्री झाली. सकाळी नंदा मला म्हणाली, "आज सरांना दूधभात करू देऊ नका, मी केलाय," आणि झाकलेली वाटी माझ्या हातात ठेवली. मी गेलो तेव्हा दार उघडंच होतं. सर गच्चीवर होते. मी वाटी घेऊन आत गेलो आणि देव्हाऱ्यापाशी थबकलो. मारुतीच्या तसबिरीला टेकवून घडी उलगडलेला तो झेरॉक्स उभा केला होता. नेमक्या त्या चौकटीला हळदकुंकू लावलेलं होतं, पुढं जास्वंदीचं फूल.

मागं पावलं वाजली. सर जिन्यातून उतरून आले होते. मी तो कागद पाहतोय हे त्यांनी पाहिलं. माझ्या हातातली वाटी घेतली, झाकण काढलं, भात बोटानं दाबून मऊ झालाय ना ते बघितलं. मग चष्मा वर केला आणि लहान मुलानं बक्षीस दाखवावं तसं कागदाकडे बोट करून म्हणाले, "पुरावा हाय, प्रकाशराव. शिक्क्याचा हाय."